इंजिन चार बोटं डावीकडे

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे गॅरेजात वाकलो असताना कंबर जिथे अडकली, तिथूनच. सरळ होता आलं की सरळ नमस्कार वेगळा पाठवीन.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला आणि खोकल्यावरचं त्यांचं व्याख्यान, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आमच्या सौ.ची तब्येत उत्तम, स्वभाव जुनाच. बाबांच्या तब्येतीबद्दलच सगळं पत्र आहे, तेव्हा ती इथे एका ओळीत उरकत नाही.

परवा फोनवर तू मला जे फैलावर घेतलंस, त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, कारण तू दम घ्यायला थांबलीस की दाजी फोन घेतात. म्हणून हे पत्र. पत्रात मधेच कोणाला तोंड घालता येत नाही, एवढ्यासाठी मी टपालखात्याचा जन्माचा ऋणी आहे. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की बाबांचं आता वय झालं. त्यांनी गाडी पुन्हा एकदा फाटकाच्या उजव्या खांबाला घासली हे समोरच्या चष्मेवाल्या काकूंनी तुला कळवलं. तेव्हा कोणाच्या जिवावर बेतण्याआधी ती दोन माणसांची जुनी गाडी विकून टाकायची, गिऱ्हाईक दाजींनी शोधलेलं आहे, मी फक्त गॅरेजचं दार उघडायचं. (काकूंची नजर इतकी तेज असताना त्या चष्मे कोणाला विकतात कोण जाणे.) हुकूम मी शिरसावंद्य मानला आणि दार उघडलं. पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि इंजिनाचा किती, ते वाचून तूच ठरव.

आधी बाबांचं सांगतो. मला वाटलं होतं, विकायचं नाव काढलं की ते घर डोक्यावर घेतील. मी तर तुझं नाव पुढे करायची तयारी ठेवली होती. पण त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, विकून टाका. मग बऱ्याच वेळाने आपणहूनच म्हणाले, हात गेला. ताई, ज्या माणसाने उभा जन्म लोकांच्या तोंडात टोकदार हत्यारं घातली आणि कधी कोणाच्या जिभेला ओरखडा येऊ दिला नाही, तो आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवून, वाया गेलेल्या पुतण्याकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत होता. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, ओढत असेल एका बाजूला, दाखवू कोणाला तरी. तर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तुझी आई गेल्यावर वर्षभर गाडी झाकून ठेवली, गाडी होती तशीच राहिली. मी राहिलो नाही. त्यानंतर ते चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागले. गाडी गेली तर गेली, पण हात गेला हे एकदा मनात धरून हा माणूस खुर्चीत बसला, तर पुन्हा उठायचा नाही, अशी मला धास्ती बसली. तुला फोनवर हेच सांगायचं होतं. पण तोवर दाजी आले.

तर रविवारी दाजींचं गिऱ्हाईक आलं. पायात पांढरेशुभ्र बूट. (जुन्या गाड्यांच्या धंद्यात राहून बूट पांढरे ठेवणाऱ्या माणसाचं म्हणणं बेतानेच घ्यावं.) त्याने गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, मडगार्डावर टिचक्या मारल्या, मग बॉनेट उघडलं आणि जीभ टाळूला लावून असा काही चुकचुकला, की मी आत कोणी मरून पडलंय का ते बघायला धावलो. म्हणाला, इंजिन मधोमध नाही. गाडीला कधीतरी मोठा अपघात झालाय, सांगाडा पिळवटलाय आणि कोणीतरी इंजिन जमेल तिथे ठोकून बसवलंय. अशा गाडीचं भंगारच करायचं, पण दाजींच्या शब्दाखातर तो ती भंगारापेक्षा थोडा बरा भाव देऊन नेईल. बाबा वर गच्चीत होते म्हणून बरं, नाहीतर त्यांनी त्याचा एखादा दात तपासायला घेतला असता.

तो गेला आणि मी दोरा घेऊन आलो. तुला माहीत आहे, तसबिरी मढवून पोट भरणारा मी माणूस. चौकट केसभर कलली तरी मला घास गिळत नाही. लोकांच्या लग्नात गेलो तरी आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतो, मग वधूवरांना भेटतो. (तुझ्या सासऱ्यांचा फोटो मी दर खेपेला सरळ करतो आणि मी निघालो की दाजी तो पुन्हा वाकडा करतात, हे मला ठाऊक आहे.) दोरा बॉनेटच्या मधोमध ताणला, आणि खरंच, इंजिन चार बोटं डावीकडे. ज्या गाडीत आपण लहानाचे मोठे झालो, जिच्या बॉनेटवर बसून मी पाढे पाठ केले, तिच्या पोटात सगळं एका अंगाला सरकलेलं, आणि मला, म्हणजे मला, पत्ता नाही. त्या दुपारी मी जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो, पण मन नव्हतं.

मग मी चौकशी आरंभली. गॅरेजवाल्याने पहिल्यांदा सांगितलं की स्टिअरिंगचा दांडा खाली उतरायला उजवीकडे जागा लागते म्हणून इंजिन बाजूला सारलंय. चहा पाजल्यावर म्हणाला, दांड्याचं नाही, सायलेन्सरच्या नळ्यांचं कारण आहे. दुसऱ्या चहाला इंजिन तिरकं बसवलं की बॉनेट ठेंगणं ठेवता येतं, गाडी वाऱ्याला कापत जाते, असं निघालं. तिसरा चहा मी पाजला नाही. दाजींनी तुझ्या हातून फोन घेऊन सांगितलं की इंजिन फिरताना एका बाजूला झटका देतं, तो मारायला हे केलेलं असतं, आणि मग झटका म्हणजे काय हे त्यांनी खोकल्यासकट समजावलं. आमची सौ. म्हणाली, तुम्ही बसवलेलं कपाटसुद्धा चार बोटं डावीकडेच आहे, त्यावर कोणी परिषद भरवली का? एवढी कारणं ऐकल्यावर माणसाने गप्प बसावं. पण मी विचार केला, की इंजिन वाकडं आणि गाडी खांबाला जाते, म्हणजे इंजिन सरळ केलं की गाडी सरळ आणि बाबांचा हात निर्दोष. (इंजिन डावीकडे आणि गाडी मात्र उजव्या खांबाला जाते, ही बारीकशी अडचण माझ्याही ध्यानात आली होती. पण आपल्या घराण्यात मन एकीकडे आणि पाय दुसरीकडे असं चालतंच, म्हणून मी ती मनावर घेतली नाही.)

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना अजून कंबर दुखते. मी आणि गॅरेजवाल्याने बोल्ट सैल केले, खाली जॅक लावला, चौकटीच्या लाकडाच्या दोन खुंट्या ठोकल्या आणि इंजिन उजवीकडे रेटलं. दोन बोटं सरकलं. मला इतकं बरं वाटलं, की मी आणखी एक रेटा दिला. त्याबरोबर इंजिन स्टिअरिंगच्या दांड्याला जाऊन चिकटलं, दांडा जाम झाला, एक नळी वाकली, आणि मी जसा वाकलो होतो तसाच राहिलो. गॅरेजवाल्याला आधी इंजिन सोडवावं की मला, हे ठरवता येईना. त्या गोंधळात बाबा जिना उतरून आले. ताई, किती दिवसांनी त्यांनी गॅरेजात पाऊल टाकलं, आणि आल्या आल्या मला जे झापलं, ते ऐकून माझे डोळे भरून आले. अगदी जुना आवाज. दात किडला तर ज्या आवाजात आपल्याला बोलायचे, तोच. मी वाकल्या वाकल्या ऐकत होतो आणि देवाला म्हणत होतो, थांबवू नकोस.

म्हणाले, गाढवा, वाकडं आहे असं तुला सांगितलं कोणी? माणूस एका दाढेने चावतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा जबडा नुसता बघत बसतो का? तोही तोल धरतो. चालवणारा बसतो उजवीकडे. त्याचं सगळं वजन उजवीकडे येतं. म्हणून बनवणाऱ्याने इंजिन मुद्दाम डावीकडे घेतलं, की एकटा माणूस बसून सुसाट निघाला, तर दोन्ही अंगं समसमान. दांड्याला जागा झाली, नळ्यांना जागा झाली, तो वरचा फायदा. ही गाडी एकट्याची आहे. डावीकडे सीट दिली ती उगाच, शिष्टाचार म्हणून. मग इंजिन जिथे होतं तिथे बसवा म्हणाले आणि खोक्यावर बसून राहिले, नजर त्या शिष्टाचाराच्या सीटकडे.

त्यांच्या मनात काय आलं ते सांगायला नको. आईच आली. एकट्याच्या गाडीत आई लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी जाऊन बसली ती बसलीच. आजोबा म्हणायचे, पुढे एवढं लांब नि बसायला दोघंच, ही गाडी आहे की नुसतं नाक. बाबांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे कामावर जायला गाडी कधी निघालीच नाही. निघायची ती सुट्टीच्या दिवशी नाहीतर आपल्याला शाळेत सोडायला, आणि तीही आई बरोबर असली तरच. तू बाबांच्या मागच्या फळीवर, मी आईच्या मागे, गुडघे कानाला लावून. सरकलेल्या इंजिनामुळे आईच्या पायाशी जागा इतकीशी, आणि तीही तापायची. उन्हाळ्यात ती चपला काढून सीटवर मांडी घालून बसायची, समोरून येणाऱ्यांना वाटायचं गाडीत प्रवचन चाललंय. हिवाळ्यात मात्र ती आपल्या दोघांचे ओले मोजे पायाशी वाळत घालायची आणि शाळेच्या फाटकाशी गरम गरम परत द्यायची. तुझे आधी. (तुझे नेहमी आधी, हे मी विसरलेलो नाही.) तसे गरम मोजे मला पुन्हा कधी मिळाले नाहीत. आमची सौ. इस्त्री करून देते, पण ते निराळं.

इंजिन जागेवर बसल्यावर ते नीट बसलं का, हे बघायला गाडी फिरवून आणायला हवी होती. गॅरेजवाला म्हणाला, रेटताना तुमचा हात होता, मी नाही चालवणार. बाबा म्हणाले, माझा प्रश्नच नाही. म्हणून मी पुढे झालो. बाबांनी एकदा माझ्या पोटाकडे बघितलं, एकदा स्टिअरिंगकडे, आणि माझ्या हातून किल्ली घेतली. मी डावीकडे स्वतःला भरून घेतलं. फाटक आलं तेव्हा मी डोळे मिटले. खांब लागला नाही. गल्ली संपली, पुलाचा रस्ता आला, गाडी दोरा ताणल्यासारखी सरळ. बाबांनी हळूच एक हात सोडला, तरी सरळ. परत येऊन त्यांनी मला उतरवलं आणि एकटेच एक चक्कर मारून आले. येताना गाडी पुन्हा उजव्या खांबाकडे निघाली. त्यांनी कशीबशी वाचवली. मग मला म्हणाले, बस. पुन्हा गेलो. सरळ.

मी वर जाऊन दुकानातली पाणसळ घेऊन आलो, भिंतीवर तसबीर टांगताना लावतो ती, काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची. गाडी सपाट रस्त्यावर उभी केली. (गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून कललेली आहे, नाहीतर माझ्या नजरेतून काही सुटलं नसतं. असं मी स्वतःला सांगतो.) बाबा एकटे बसले तर गाडी उजवीकडे कललेली. मी शेजारी बसलो तर थोडी डावीकडे, कारण मी आईच्या दीडपट. बाबांनी तो बुडबुडा बघितला, बाहेर आले, डाव्या चाकाशी गुडघे टेकले आणि हात आत घालून स्प्रिंग चाचपली. तिथे एक जाड लोखंडी पट्टी होती. त्यांनीच बसवलेली, आपण दोघं जन्मायच्या आधी. आई म्हणायची ना, मला खड्ड्यात बसवता आणि स्वतः राजासारखे वर बसता. एकदा तिने याच कारणावरून अबोला धरला होता म्हणे, तेव्हा त्यांनी डावं अंग तेवढं उचलून घेतलं. दोघं बसली की गाडी अगदी सपाट. मग विसरून गेले. आणि एकट्याने ती गाडी त्यांनी त्यानंतर कधी चालवलीच नव्हती, आत्तापर्यंत.

म्हणजे हात गेला नव्हता, ताई. अंगणच वाकडं होतं, आणि तेही त्यांनीच हौसेने वाकडं करून ठेवलेलं. बाबा तिथेच रस्त्यावर चाकाला टेकून बसले. उजवा हात पुढे धरला, बोटं पसरली, कितीतरी वेळ बघितलं. हात जराही हलत नव्हता. मला म्हणाले, ठीक आहे रे माझा हात. मी रडलो, लपवत नाही. चष्मेवाल्या काकू खिडकीत होत्या, त्यांनी ते तुला कळवलंच असेल.

तेव्हा काळजीचं कारण उरलेलं नाही. बाबा कप उजव्या हाताने उचलतात. पट्टी काढणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, गॅरेजवाला उद्या येतोय. ती निघाली की गाडी जशी बनली होती तशी एकट्या माणसाला सरळ नेणारी होईल आणि फाटकाचा खांब सुखाने जगेल. तुझ्या हुकुमाची अंमलबजावणी मी अशी अर्धी केली आहे. उरलेल्या अर्ध्याचं खाली लिहितो. दाजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा (अजून थोडा वाकलेला)

ता. क. : उरलेलं अर्धं असं, की पांढरे बूट पुन्हा आले होते आणि मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. दाजींना हे तू सांग. मी सांगितलं तर खोकला वाढेल.

आणखी ता. क. : पत्र पाकिटात घालणार होतो, एवढ्यात गॅरेजवाला आला. बाबांनी त्याला पट्टीला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, अहो, काढली की गाडी तुम्हाला एकट्याला सरळ नेईल. तर म्हणाले, तेच नको. सरळ जायला लागली की मला एकट्याने जायची सवय होईल. मी गॅरेजवाल्याला तिसरा चहा पाजला आणि घरी पाठवलं.

शेवटचं, आणि खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं : आता त्या सीटवर कोणीतरी बसायला हवं. मी बसलो तर गाडी डावीकडे कलते, आमची सौ. बसली तर उजवीकडे. चष्मेवाल्या काकूंनी आपणहून विचारलं, पण बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आईचे स्वेटर सगळ्या घरात फक्त तुला बसले होते, हे बाबांना आठवतंय. मोठी येईल तेव्हा बघू, असं काल दोनदा म्हणाले. आई गेल्यापासून तू इथे राहायला आली नाहीस. का ते मला कळतं, मलाही घरात शिरताना अजून कसंतरी होतं. पण ये. चार दिवस ये, पुलापर्यंत त्यांच्याबरोबर जाऊन ये. आणि येण्याआधी वजन कळव. दाजींना सांगतेस ते नको, खरं.